भुंग्याची अर्धी राहिलेली शाळा

भुंग्या आमच्या घरी आला तेव्हा त्याचे डोळे उघडून चार दिवसही झाले नव्हते. आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आणायची हीच रीत होती, आणि लाखांदूरच्या आसपास कुठल्याही गावात विचारलं असतं तरी लोकांनी हेच सांगितलं असतं. डोळे उघडले की उचलायचं. त्याला पहिल्यांदा तुमचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणजे ते जन्मभर तुमचं होतं. मायजवळ जास्त राहिलं की मायचंच राहतं. दिवाळीच्या आधी बाबांनी त्याला धानगिरणीमागच्या कोंड्याच्या ढिगावरून उचललं, दुपट्ट्यात गुंडाळलं आणि सायकलच्या पिशवीत घालून आणलं. मी सातवीत होते. पिल्लू काळंभोर होतं आणि त्याच्या तोंडातून सतत एक बारीक घूं घूं चाललेली असायची, म्हणून मी त्याचं नाव भुंग्या ठेवलं. शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून मी ती त्याच्या तोंडात द्यायची आणि तो ती इतक्या जोरात ओढायचा की कधी कधी वातीसकट माझं बोटही आत जायचं. तेव्हा त्याला दात नव्हते, त्यामुळे आम्हाला त्याचं फार कौतुक वाटायचं.

घरात आम्ही चौघं. माय, बाबा, मी आणि माझी मोठी बहीण कुंदाताई, पण तिचं लग्न होऊन ती साकोलीकडे गेली होती. घर मातीचं, छपराला कवेलू, पुढे सपरी म्हणजे ओसरी आणि शेजारी बैलांचा कोठा. आमची धानाची शेती होतीच, पण बाबांचं नाव पंचक्रोशीत होतं ते वेगळ्या कामासाठी. ते कोवळे गोऱ्हे शिकवायचे. धान निघालं की लोक आपले आडदांड गोऱ्हे आमच्या अंगणात आणून बांधत आणि बाबा त्यांना जुवाची सवय लावून परत करत. सकाळपासून कोठ्यातून बाबांच्या जिभेचे टकटक आवाज, घुंगरांचा खुळखुळाट आणि मधूनच तुतारीचा, म्हणजे त्यांच्या टोकदार काठीचा, फटका ऐकू येई. माझे बाबा वाईट नव्हते. जेवताना आपल्या ताटातला लाखोळीच्या डाळीचा वडा ते गुपचूप माझ्या ताटात सरकवत. पण जनावर म्हटलं की ते वाकवायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना कोणी काही शिकवावं असा माणूस गावात नव्हता.

भुंग्याला दात फुटले तशी बाबांची हौस वाढली. घर राखायला कुत्रा कडक पाहिजे, म्हणून ते रोज संध्याकाळी सपरीत बसून त्याच्या तोंडात आपला हात द्यायचे आणि वर ‘छू, छू’ करायचे. बाबांचा हात गोऱ्ह्यांचे दोर ओढून चामड्यासारखा झालेला, त्यांना काही लागत नसे. येणाराजाणाराही थांबून दुपट्ट्याचं टोक त्याच्यापुढे हलवायचा. भुंग्या गुरगुरत लोंबकळला की सगळे हसत आणि म्हणत, ‘वाघ हाय बाप्पा, वाघ!’ मीही त्यांच्यात होते. किंबहुना सगळ्यात जास्त मीच होते, ते पुढे सांगते.

माघ लागेपर्यंत या वाघानं आमच्या घराची रया घालवली. त्याने मायच्या चपला खाल्ल्या, मग बाबांच्या, मग पाहुण्यांच्या. सुपाची कड कुरतडली. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाचा कोपरा असा उडवला की आठवीत जाईपर्यंत मला नकाशावरचा केरळ दिसला नाही. मी शाळेतून आले की तो घोट्याला धरायचा, मी किंचाळून पळाले की परकर धरायचा. एरवीही त्याला भान नसेच, पण दिवे लागायच्या वेळी तर त्याच्या अंगात यायचं. अंगणात गोल गोल धावत तो मध्ये येईल त्याला दात लावत सुटायचा. बाबांनी आधी फटके दिले. मग त्यांना एक युक्ती सुचली. उंडग्या गोऱ्ह्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतात, तसं त्यांनी बाभळीचं एक छोटं लोढणं तासून भुंग्याच्या गळ्यात घातलं. पहिल्या दिवशी तो ते ओढत घरभर हिंडला आणि त्याने पेजेचं मडकं पाडलं. दुसऱ्या दिवशी तो एका कोपऱ्यात अगदी शहाण्यासारखा बसून राहिला. बाबा खूश झाले. संध्याकाळी पाहिलं तर त्याने अर्धं लोढणं खाल्लं होतं.

हे लिहिताना मला हसू येतं, कारण परवाच वरठीला मुलाकडे गेले होते तर शेजारची सून हाताला पट्टी बांधून आली. त्यांनी महागाचं पिल्लू आणलं आहे, आणि ते सोफा खातं. तिने मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ दाखवले. मी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिले. त्यातला माणूस जे सांगत होता ते आमच्या धानगिरणीवरच्या डोमाकाकानं तेव्हाच सांगितलं होतं, फक्त त्याच्या अंगावर कोंडा होता आणि या माणसाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट.

कुंदाताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली ती याच दिवसांत. तिच्यासाठी बाबांनी नवीन बाज विणली. मी त्यांना अंबाडीच्या सुतळीचा गुंडा सोडून द्यायची आणि उरलेले तुकडे गोळा करायची. त्या तुकड्यांचं काय करायचं? मी ते भुंग्याला दिले. एक टोक त्याच्या तोंडात, एक माझ्या हातात, आणि ओढाओढी. आठ दिवस आमचा हा खेळ कोठ्यामागे रोज चालला. सुतळी तुटली की मी टाळ्या पिटायची, आणि तो आणखी मागायचा.

एके दुपारी मी सपरीत अभ्यासाला बसले होते. आतून ताईची किंकाळी आली. आम्ही धावलो. नव्या बाजेच्या मधोमध भगदाड पडलं होतं आणि ताई त्यात कमरेपर्यंत रुतून अडकली होती, आठ महिन्यांचं पोट दोन्ही हातांनी धरून. भुंग्या बाजेखाली होता. त्याच्या तोंडात सुतळीचं टोक होतं आणि तो ते ओढत, शेपूट हलवत, माझ्याकडे पाहत होता. मायनं आणि बाबांनी ताईला उचललं. सुईण आली, तिने बराच वेळ पोटावरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘लेकरू हालून राहिलं. काही झालं नाही.’ माय भिंतीला टेकून खाली बसली. बाजेची सुतळी तोडायला त्याला कोणी शिकवलं होतं ते घरात एकट्या मलाच माहीत होतं.

‘हे कुत्रं या घरात राहाचं नाही,’ माय म्हणाली. ‘आज ताईवर आलं. उद्या पाळण्यातलं लेकरू असन.’

‘बपेऱ्याचा बैलवाला येनार आहे, थे दोन गोऱ्हे न्याले,’ बाबा म्हणाले. ‘त्याले राखणीले कुत्रं पायजेच होतं. देऊन टाकतो.’

‘बपेरा म्हंजे कुठी आहे, बाबा?’

‘तुमसराच्या पल्याड. नदी ओलांडली का मध्य प्रदेश.’

‘कधी येनार आहे थो?’

‘पंधरा दिवसानं. आता तू त्याच्या मांगं लागू नोको.’

मी बोलू शकले असते. बोलले नाही. बाबांच्या माराची भीती नव्हती, त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. ताईनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं, याची भीती होती. त्या भ्याडपणाची आजही लाज वाटते. पण गप्प राहायचं तर भुंग्याला वाचवायचं तरी, असं मी ठरवलं, आणि मी पाहू लागले. तो कोणाला चावतो, केव्हा चावतो, कुठे चावतो. मला शाळेत विज्ञान आवडायचं, पण बेडूक आणि झाडाची पानं सोडून घरातल्या कोणाकडे असं टक लावून पाहता येतं, हे तेव्हाच कळलं.

पहिली गोष्ट दिसली ती अशी की मी आणि ताई किंचाळून पळत होतो, तर आमच्या मागे तो सगळ्यात जास्त लागत होता. बाबा मारत होते, तर त्यांना तो जास्त जोरात चावत होता. आणि मायला तो जवळजवळ चावतच नव्हता. माय त्याचे लाड करत नव्हती की त्याला मारतही नव्हती. त्याने लुगडं धरलं की ती हातातलं काम तिथेच टाकून सैपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची. तिला वेळच नव्हता त्याच्याशी भांडायला. भुंग्या दाराबाहेर बसून राहायचा, आणि थोड्या वेळानं ती बाहेर आली की तिच्या मागे मागे अगदी तोंड मिटून चालायचा. मी हे तीन दिवस पाहिलं. पण याचा अर्थ काय, ते मला उमजेना. म्हणून मी गिरणीवर गेले.

गिरणीवर डोमाकाका मशीन चालवायचा. पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत कोंड्यानं माखलेला, बोलताना पट्ट्याच्या भकभकीवर आवाज चढवणारा माणूस. भुंग्याची माय आणि त्याची तीन भावंडं अजून तिथेच कोंड्याच्या ढिगावर होती. मी भुंग्याला कडेवर घेऊन गेले होते. डोमाकाकानं त्याला ओळखलं.

‘काय व पोरी, परत द्याले आनला का?’

‘नाही गा काका. थो लय चावते. म्हून आनला.’

‘सोड त्याले त्यायच्यात. अन् इथं पोत्यावर बस. काही बोलू नोको.’

भुंग्या भावंडांवर तुटून पडला. एका ठिपक्याच्या पिल्लाचा कान त्याने असा धरला की ते कळवळून ओरडलं. मला वाटलं आता मारामारी होणार. पण ठिपक्याच्या पिल्लानं त्याच्याकडे पाठ केली आणि ते चालतं झालं. मग भुंग्या दुसऱ्याकडे गेला, तिथेही तेच. दूध नसतानाही लुचायला म्हणून तो मायजवळ गेला आणि त्याने तिला दात लावला, तर ती एकदाच ओठ वर करून गुरगुरली, उठली आणि पट्ट्याच्या पलीकडे जाऊन बसली. ढिगावर भुंग्या एकटाच राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग तो खाली बसला. इतक्या महिन्यांत मी त्याला कोणी न दामटता बसलेला पहिल्यांदा पाहत होते.

डोमाकाकानं मशीन बंद केलं. ‘पायलं? हे सारे एकमेकायच्या दातानं शिकते. किती चावलं का खेळ संपते, थे. तुह्या बाबानं त्याले डोळे उघडताच नेलं. त्याची शाळा अर्धीच राहिली.’

‘पर मंग तो आपला होते ना गा?’

‘आपला होते, व. पर त्याले कुत्रा कोन शिकवन? तुहा बाबा त बैल शिकवते.’

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पुढच्या दिवसांत मी रोज शाळा सुटली की गिरणीवर जाऊ लागले. घरी सांगायची, कोंडा आणायला जाते. कोंडा खरंच आणायची, त्यामुळे आमच्याकडे इतका कोंडा जमला की मायनं विचारलं, ‘एवढ्याचं का लोणचं घालतं का?’ चौथ्या-पाचव्या दिवशी भुंग्यानं ठिपक्याच्या पिल्लाचा कान धरला आणि ते कण्हताच सोडला. पिल्लू गेलं नाही. दोघं परत खेळायला लागली. मी पोत्यावर उडीच मारली.

डोमाकाकाकडून मी आणखी दोन गोष्टी शिकले. तिथली पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेली असत. आमच्या भुंग्याला मात्र गल्लीतलं कोणी ना कोणी सकाळपासून खेळवत असे, म्हणून दिवे लागायच्या वेळी तो झोप न झालेल्या लेकरासारखा पिसाळायचा. मी त्याला दुपारी कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकू लागले. आधी त्याने आरडाओरडा केला, मग झोपला, आणि उठला तेव्हा जांभई देऊन माझ्या पायाशी आला. दुसरं म्हणजे त्याला चावायलाच हवं होतं. मी जुन्या लुगड्याच्या चिंधीची गाठ करून थंड पेजेत भिजवून द्यायची. सुतळी देणं मी शपथ घेऊन सोडलं होतं. एक दिवस त्या गाठीत मला तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. मी तो तळहातावर घेऊन ताईला दाखवला. तिला बिचाऱ्याची दया आली. ती म्हणाली, ‘म्हंजे त्याचे दात पडून राहिले? म्हून चावते का थो?’ त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली. तो हाताला तोंड लावी तेव्हा ती किंचाळण्याऐवजी हात सैल सोडून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, मोठं पोट सांभाळत, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मी बाबांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘जनावर पंधरा दिवसात बदलत नाही, बाई. मी काय कालपासून जनावरं पाहून राहिलो का?’ आणि संध्याकाळी परत सपरीत बसून त्यांनी भुंग्यापुढे हात धरला. भुंग्यानं तो नुसता चाटला. बाबांनी हात मागे घेतला आणि ते माझ्याकडे न पाहता कोठ्यात गेले.

ताईला मुलगी झाली, घरीच, सुईणीच्या हातून. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी बपेऱ्याचा बैलवाला टेम्पो घेऊन दारात आला. मायचं म्हणणं बदललेलं नव्हतं. आता तर आत खरोखरच लेकरू होतं. बाबांनी गोऱ्हे चढवले. मग त्यांनी भुंग्याच्या गळ्यात दोर घातला. मी सपरीच्या खांबाला धरून उभी होते. बैलवाल्यानं खाली वाकून भुंग्यापुढे हात नाचवला. ‘छू! छू बे!’ भुंग्यानं त्याचा हात तोंडात घेतला, दात न लावता, आणि सोडून दिला. मग तो खाली बसला आणि शेपूट हलवत वर पाहू लागला.

‘अरे, ये तो काटताच नाही,’ बैलवाला म्हणाला. ‘राखणीले काय कामाचं? पर चलन. आठ दिवस भुका ठेवला ना, शिकते मंग चावाले.’

तेवढं ऐकलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

‘बाबा, बाज त्यानं नाही तोडली,’ मी म्हणाले. ‘म्हंजे त्यानंच तोडली, पर मीच शिकवलं त्याले. कोठ्याच्या मांगं. उरलेली सुतळी मी त्याले द्यायची अन् तोडली का टाळ्या वाजवायची. ताई माह्यामुळं पडली.’

दारात माय उभी होती, तिच्या मागे बाळंतिणीच्या खोलीतून ताईही ऐकत असणार. मी मान खाली घातली. बाबा हातातल्या दोराकडे पाहत राहिले. त्यांनी आयुष्यात कोणासमोर चूक कबूल केल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि समोर तर धंद्यातला परका माणूस होता.

‘बाज तू शिकवली,’ शेवटी ते हळूच म्हणाले. ‘अन् हात चावाले मी शिकवलं. रोज संध्याकाळी. साऱ्या गावापुढं.’

‘मंग तुमा दोघायलेच घाला टेम्पोत,’ माय म्हणाली. ‘चावाले शिकवनारे जाऊ द्या बपेऱ्याले. कुत्रं राहू द्या.’

बैलवाला पोट धरून हसला. आतून ताईच्या हसण्याचा आवाज आला आणि तिने ‘कायले हासवतं व माय, पोट दुखते’ म्हटलं, तेव्हा मी खांबाला धरूनच रडले. बाबांनी भुंग्याच्या गळ्यातला दोर काढला आणि गोऱ्ह्याच्या वेसणीला बांधून टाकला. टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर बाबा सायकल काढून उभे होते, पिशवीत भुंग्या. ‘चाल,’ म्हणाले. शाळेऐवजी त्यांनी सायकल गिरणीकडे वळवली. तिथे डोमाकाकानं आमच्याकडे पाहिलं आणि एक पोतं पुढे सरकवलं. बाबा त्यावर बसले, मी त्यांच्या शेजारी, भुंग्या पिल्लांत. अर्धा तास झाला, तास झाला. बाबांची विडी पेटवायची राहून गेली. ठिपक्याचं पिल्लू कळवळलं, भुंग्यानं सोडलं. मायला एक पिल्लू जोरात लुचलं, ती उठली आणि पलीकडे जाऊन बसली.

‘थे माय उठून जाते, नाही?’ बाबांनी विचारलं.

‘हो.’

‘मारत नाही.’

‘नाही, बाबा.’

माझा पहिला तास बुडाला, दुसराही बुडाला. ऊन कोंड्यावर आलं तसे ते उठले, दुपट्टा झटकला, सायकलपर्यंत गेले आणि तिथून मागे वळून पाहत उभे राहिले.

‘थो ठिपक्याचा मधूनच एकटा जाऊन काहून बसते, थे मले समजलं नाही,’ बाबा म्हणाले. ‘उद्या अजून येऊ.’